डोर्नकलचा बिशप : १९१२ सालच्या एका नेमणुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

काझीपेठहून विजयवाड्याकडे जाणारी गाडी खम्ममच्या अलीकडे डोर्नकल जंक्शनला थांबते. आज हे गाव तेलंगणातल्या महबूबाबाद जिल्ह्यात येतं. शंभर वर्षांपूर्वी ते निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड ज्या राज्यात होते त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला. या गावाच्या नावाने १९१२ साली अँग्लिकन चर्चने, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चने, एक नवा धर्मप्रांत (एका बिशपाच्या देखरेखीखालचा मुलूख) काढला आणि तिथे वेदनायगम सॅम्युएल अझरिया या ३८ वर्षांच्या तमिळ माणसाला बिशप नेमलं. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप.

अझरियांचं चरित्र पुष्कळांनी सांगितलं आहे. इथे मी एकाच गोष्टीकडे पाहणार आहे: ही नेमणूक कशी झाली, तिच्यात कुठे माघार घेतली गेली आणि त्या माघारीचा हिशेब पुढे कुणाला चुकता करावा लागला. विरोध करणाऱ्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यांचं म्हणणं तेवढं मांडलं आहे, कारण तसंच म्हणणं आजही मंडळ्यांच्या, संस्थांच्या बैठकांत ऐकू येतं.

भारतात अँग्लिकन बिशप येऊन तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. कलकत्त्याला १८१४, मद्रासला १८३५, मुंबईला १८३७ आणि नागपूरला १९०३ पासून बिशप होते. सगळे ब्रिटिश. त्यांच्या देखरेखीखालच्या मंडळ्यांत मात्र बहुसंख्य लोक खेड्यापाड्यांतले भारतीय होते, आणि त्यातले बरेचसे गावकुसाबाहेरचे.

अझरियांचा जन्म १८७४ साली तिरुनेलवेलीकडच्या वेळ्ळालनविळै या खेड्यात झाला. घराणं नाडर, म्हणजे तेव्हा खालची मानली जाणारी तमिळ जात. वडील त्याच भागात खेड्यातले पाळक होते, ते अझरियांच्या लहानपणीच, १८८९ साली वारले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गणित घेतलं, पण ऐन शेवटच्या परीक्षेच्या वेळी आजारपण आलं आणि पदवी राहून गेली. ही राहिलेली पदवी पुढे त्यांच्याविरुद्ध काढली जाणार होती. १८९५ पासून त्यांनी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत सचिव म्हणून काम केलं, दक्षिण भारत पालथा घातला. १९०२ साली ते सिलोनमध्ये जाफन्याला गेले. तिथल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशावर, स्वतःची माणसं पाठवून मिशन चालवलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांना आपल्या लोकांची लाज वाटली. तिरुनेलवेलीत ख्रिस्ती मंडळी कितीतरी मोठी, आणि तरी प्रत्येक गोष्टीसाठी लंडनकडे हात पसरलेला.

परत आल्यावर त्यांनी १९०३ साली ‘इंडियन मिशनरी सोसायटी ऑफ तिन्नेवेल्ली’ (तिन्नेवेल्ली म्हणजे तिरुनेलवेली) उभी केली. पैसा भारतीय, माणसं भारतीय, कारभार भारतीय. १९०५ च्या नाताळात श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या विल्यम कॅरीच्या श्रीरामपूरला, ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली, त्यातही ते पुढे होते. तिन्नेवेल्लीच्या संस्थेने कामासाठी जे क्षेत्र निवडलं ते डोर्नकल. १९०९ साली अझरियांनी वायएमसीएची नोकरी सोडली, दीक्षा घेऊन पाळक झाले आणि स्वतः तिथे जाऊन राहिले. तिथली भाषा तेलुगू, ती ते मोठेपणी शिकले. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ‘आपल्या माणसांमधला आपला माणूस’ असं त्यांच्याबद्दल नंतर बोललं गेलं, पण डोर्नकलच्या माला-मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या शेतमजुरांना हा तमिळ माणूस आधी परकाच होता.

नेमका प्रश्न

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. त्यांचा धर्मप्रांत अवाढव्य होता आणि तेलुगू भागात गावंच्या गावं ख्रिस्ती होऊ पाहत होती. मद्रासहून हे सांभाळणं शक्य नव्हतं, दुसरा बिशप लागणारच होता. आणि तो भारतीय असावा, तो अझरियाच असावा, असं व्हाइटहेड यांचं मत पक्कं झालं होतं.

अडचण कुठे होती हे कळायला बिशप काय करतो ते आधी ध्यानात घ्यावं लागतं. बिशप नुसता वडीलधारा पाळक नसतो. पाळकांना दीक्षा तो देतो, दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याला चर्चचा पूर्ण सभासद करण्याच्या विधीत, डोक्यावर हात तो ठेवतो, पाळकाची बदली आणि चौकशी तो करतो. म्हणजे भारतीय बिशप आला की गोऱ्या मिशनऱ्याची नेमणूक भारतीय माणसाच्या सहीने होणार, आणि एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मुलाच्या डोक्यावर काळा हात पडणार. त्यातून मद्रास-मुंबईच्या बिशपांचा पगार सरकारी खात्यातून निघत असे. गव्हर्नरच्या मेजवानीत त्यांची जागा ठरलेली असे. या सगळ्या चौकटीत एक नाडर माणूस आणि त्याची बायको कुठे बसवायची, हा त्या काळी लोकांनी खरोखर गंभीरपणे विचारलेला प्रश्न होता.

आक्षेपांचा सूर सभ्य असे. पदवी नाही. दीक्षा घेऊन तीनच वर्षं झाली आहेत. धर्मशास्त्राचं वाचन कमी. वेळ अजून आलेली नाही. आणि सगळे आक्षेप गोऱ्यांचे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. नाडर बिशप नको म्हणणारे वरच्या जातींतले भारतीय ख्रिस्तीही होते. चर्चच्या दारात बाप्तिस्म्याचं पाणी पडलं तरी जात तिथे गळून पडली नव्हती. त्यापेक्षा इंग्रज परवडला, तो निदान सगळ्यांनाच परका, असा हिशेब होता.

आणखी एक सावली या चर्चेवर होती. १८६४ साली योरुबा वंशाचे सॅम्युएल अजयी क्राउथर हे पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले होते. त्यांची नेमणूक पश्चिम आफ्रिकेत, राणीच्या साम्राज्याच्या हद्दीबाहेरच्या मुलखासाठी झाली. पंचवीस वर्षांनी तरुण गोऱ्या मिशनऱ्यांच्या एका फळीने त्यांच्या कारभारावर, त्यांच्या माणसांवर ताशेरे ओढले, त्यांचे अधिकार काढून घेतले. १८९१ च्या शेवटच्या दिवशी क्राउथर वारले आणि त्यांच्या जागी युरोपियन बिशप आला. भारतीय बिशपाला विरोध करणाऱ्यांच्या लेखी ही गोष्ट म्हणजे पुरावा होता. मला ती गोष्ट उलट वाटते. अधिकार देऊन पाठीशी उभं न राहणाऱ्यांचा तो पुरावा होता.

एडिंबरो, जून १९१०

या प्रकरणात एक घटना मधोमध येते. एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी आले होते, त्यात आशियाई वीससुद्धा नसतील. अझरियांना विषय दिला होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधल्या सहकार्याचा. आभार मानून, गोड बोलून खाली बसता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मिशनरी आणि भारतीय कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, पण एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. वागण्यात मालक-नोकराचं नातं डोकावतं, हे त्यांनी त्या सभागृहात तोंडावर सांगितलं. मिशनऱ्यांच्या त्यागाची कबुली मात्र मनापासून दिली. आणि शेवट पौलाच्या करिंथकरांस पत्राचा आधार घेऊन केला: तुम्ही गरिबांना खाऊ घालायला आपली मालमत्ता दिलीत, आपली शरीरं जाळायला दिलीत. आम्ही प्रेमही मागतो. आम्हाला मित्र द्या!

ज्या अध्यायातून हे शब्द आले तो सभेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. सगळं दिलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही, हे पुढचं वाक्य अझरियांना उच्चारावंही लागलं नाही.

सभेत अस्वस्थता पसरली. काहींना हे कृतघ्नपणाचं वाटलं, काहींना फार उशिरा ऐकलेलं सत्य. नेमणुकीच्या दृष्टीने पाहिलं तर हा मोठा धोका होता. बिशपपदासाठी नाव चर्चेत येऊ शकणारा माणूस, ज्यांची संमती लागणार त्यांनाच दुखावतो आहे. व्हाइटहेड मात्र मागे हटले नाहीत. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय मी हा मानतो: स्पष्ट बोललेल्या माणसाला त्या बोलण्यामुळे वगळायचं नाही.

समोरचे पर्याय

आज मागे वळून पाहिलं की चार वाटा दिसतात.

थांबायचं, ही पहिली. आणखी दहा-वीस वर्षं भारतीय पाळक तयार होऊ द्यायचे, मग बघू. विरोधकांची ही आवडती वाट, कारण तिच्यात कुणालाच ‘नाही’ म्हणावं लागत नव्हतं.

दुसरी वाट तिरुनेलवेलीची. ती अझरियांची जन्मभूमी, भाषा तमिळ, मंडळी जुनी आणि मोठी. भारतीय बिशप कुठे शोभला असता तर तिथे. पण नाडर आणि वेळ्ळाळ या वरच्या जातीतले ख्रिस्ती यांच्यातली चढाओढही तिथलीच, आणि मिशनऱ्यांचं बस्तानही तिथेच सगळ्यांत जुनं.

तिसरी वाट नुसत्या सहायक बिशपपदाची. याला दाखला होता: १८७७ साली तिरुनेलवेलीत कॉल्डवेल आणि सार्जंट हे मद्रासच्या बिशपांचे सहायक म्हणून नेमले गेले होते. हे सोपं होतं, पण स्वतःचा धर्मप्रांत नसलेला भारतीय बिशप म्हणजे हुद्दा मोठा आणि शब्द कायम दुसऱ्याचा.

चौथी वाट डोर्नकलची. निजामाच्या राज्याचा आग्नेय कोपरा तोडून छोटा स्वतंत्र धर्मप्रांत करायचा, अझरियांना तिथला पूर्ण बिशप करायचं आणि सोबत मद्रासच्या बिशपांचे सहायकही नेमायचं. काम भारतीय संस्थेचं, मुलूख संस्थानी, थेट ब्रिटिश अंमलाबाहेरचा. गोऱ्यांची वस्ती नगण्य.

काय केलं

चौथी वाट धरली गेली. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरियांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. देशभरातले बिशप जमले होते. त्या गोऱ्या हातांच्या जुडग्याखाली एक भारतीय डोकं वाकलेलं होतं, आणि उठल्यावर तो माणूस त्यांच्याच पंक्तीत बसला.

या निर्णयाचं मोल मी कमी लेखत नाही. पण नकाशा नीट पाहिला पाहिजे. क्राउथरना राणीच्या हद्दीबाहेर नेमलं होतं. अझरियांनाही ब्रिटिश हद्दीबाहेर. दोन खंड, मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं, आणि युक्ती तीच: अधिकार पूर्ण द्यायचा, पण जिथे त्याच्या हाताखाली जायला गोरा माणूसच नाही अशा जागी. विरोध मोडून काढला गेला नाही, त्याला वळसा घातला गेला. व्हाइटहेड यांच्या जागी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं, कारण दुसऱ्या तिन्ही वाटांनी १९१२ साली भारतीय धर्मप्रांत उभा राहिलाच नसता. तरीही वळसा तो वळसाच.

पुढे काय झालं

काम वाढलं. १९२० च्या सुमारास कृष्णा जिल्ह्याचा भाग डोर्नकलला जोडला गेला. तो ब्रिटिश मुलूख होता आणि तिथे सी.एम.एस. (चर्च मिशनरी सोसायटी) या अँग्लिकन संस्थेचे युरोपियन मिशनरी होते. म्हणजे १९१२ साली जे घडू नये म्हणून इतका आटापिटा झाला ते आठ-दहा वर्षांत निमूटपणे घडलं: गोरे पाळक भारतीय बिशपाच्या हाताखाली आले. चर्च बुडालं नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धर्मप्रांतात सुमारे अडीचशे भारतीय पाळक आणि दोन हजारांवर खेड्यातले शिक्षक होते. ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली.

हे काम बहुतेक माला आणि मादिगा वस्त्यांत झालं, आपल्याकडच्या महारवाड्या-मांगवाड्यांसारख्या गावाबाहेरच्या वस्त्यांत. अझरिया बैलगाडीने या वस्त्या फिरत. घाण, रोग, कर्ज आणि दारू ही चार भुतं आहेत असं ते सांगत, आणि प्रवचनाइतकंच पतपेढी, दवाखाना आणि शाळेबद्दल बोलत. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ते स्वतःचा हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवायला लावत आणि आपल्यामागून म्हणायला सांगत की मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार! ज्याचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्या माणसाचा हात त्याच्याच डोक्यावर. दोन वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी नकळत आपला हात उचलून डोक्यावर नेला होता. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

याच कामामुळे अझरिया आणि गांधीजी समोरासमोर आले. दलितांच्या सामूहिक धर्मांतरावर गांधीजींचा आक्षेप होता, आणि ‘हरिजन’मधून ते लिहीत होते. गंमत अशी नव्हती की एकजण राष्ट्रवादी आणि दुसरा राजनिष्ठ. १९३२ च्या जातीय निवाड्यात ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले तेव्हा अझरियांनी त्याला विरोध केला. चर्चला राजकीय जमात बनवू नका, हे त्यांचं म्हणणं. पण खेड्यातल्या मजुराला स्वतःचा विवेक असतो आणि तो त्यावर निर्णय घेऊ शकतो, या मुद्द्यावर ते तसूभर हलले नाहीत.

महाराष्ट्राशी या माणसाचा खरा धागा जुळतो तो १३ ऑक्टोबर १९३५ नंतर. येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. अझरियांच्या चरित्रांत त्यांच्या आणि बाबासाहेबांच्या भेटीची हकीकत येते. माझे लोक ख्रिस्ती झाले तर ते जिथे असतील तिथे एक राहतील का, अशा अर्थाचा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला आणि अझरियांकडे उत्तर नव्हतं. मराठी वाचकाला हा प्रश्न कुठून आला ते लगेच कळेल. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन आणि तिथेच एस.पी.जी. ही दुसरी अँग्लिकन संस्था, नाशिकला सी.एम.एस., जालन्याला स्कॉटिश मिशन. एका गावाहून दुसऱ्या गावी सोयरीक केली की चर्च बदलायचं. आठ वर्षांपूर्वी, १९२७ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे भरलेल्या जागतिक चर्च परिषदेत अझरिया स्वतःच बोलले होते की ख्रिस्ती देशांत ही फूट दुबळेपणा असेल, पण इतर देशांत ती पाप आहे आणि कलंक आहे.

ही फूट सांधण्याचं काम त्यांनी १९१९ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीच्या बैठकीपासून हाती घेतलं होतं. वेगवेगळ्या चर्चचे तीसेक लोक तिथे जमले होते, बहुतेक सगळे भारतीय. पुढच्या वाटाघाटींत मुंबईचे बिशप एडविन पामर यांनी मोठा वाटा उचलला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ अस्तित्वात आलं. अझरिया ते पाहायला नव्हते. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकललाच त्यांचं निधन झालं. सहा वर्षं आधी, १९३९ च्या प्रकटीकरणाच्या सणाला (एपिफनी, ६ जानेवारी) तिथल्या कॅथेड्रलचं समर्पण त्यांच्या हातून झालं होतं. बांधायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली. घुमट मशिदीसारखे, खांब दक्षिणेतल्या देवळासारखे. कलकत्त्याच्या गॉथिक कमानींखाली दीक्षा घेतलेल्या माणसाने आपलं देऊळ असं बांधलं.

निर्णय पुन्हा तपासताना

इथे दोन जागी मी अडखळतो.

पहिली जागा १९१२ ची. डोर्नकलचा वळसा घेताना पुढचं पाऊल कुणी लिहून ठेवलं नाही. पहिला भारतीय बिशप नेमला, दुसरा कधी आणि कुठे याबद्दल काहीच ठरलं नाही. परिणाम असा की १९१२ पासून १९४५ पर्यंत, तेहेतीस वर्षं, भारतात स्वतःचा धर्मप्रांत असलेले अँग्लिकन भारतीय बिशप एकटे अझरियाच राहिले. बाकी भारतीय फार तर सहायक. १९३० साली इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं, तरीही. पहिल्याच बैठकीत ‘दहा वर्षांनी ब्रिटिश मुलखातल्या एका जुन्या धर्मप्रांतात भारतीय बिशप’ एवढी एक ओळ इतिवृत्तात घालता आली असती. अझरियांचं यश दाखवून पुढची दारं उघडायची, त्याऐवजी त्यांच्याकडे बोट दाखवून ‘आहे की एक’ असं म्हणता आलं. एकट्या पहिल्या माणसावर अख्ख्या समाजाची परीक्षा लादली जाते, आणि तो पास झाला तरी निकाल त्याच्या एकट्याच्या नावावर लागतो.

दुसरी जागा अझरियांची स्वतःची आहे, आणि ती लिहिताना मला जड जातं. अडीचशे भारतीय पाळक घडवणाऱ्या या माणसाच्या मागे डोर्नकलच्या गादीवर आले ए. बी. एलियट. चांगले, तेलुगू भागात मुरलेले, १९३५ पासून अझरियांचेच सहायक बिशप, पण युरोपियन. क्राउथरनंतर जे झालं तेच झालं, फक्त या वेळी अपमान नव्हता, प्रेम होतं. सहायक निवडताना, १९३५ साली, त्या अडीचशेंमधला एक उभा केला असता तर? कदाचित अझरियांना गोरा-काळा हा हिशेबच मोडायचा होता, मित्र मागणाऱ्याला मित्र मिळाला होता. हे म्हणणं मी समजू शकतो. तरी त्या वर्षी डोर्नकलने निवडलेला सहायक मादिगा किंवा माला असता, तर गावाबाहेरच्या वस्तीतल्या कितीतरी पोरांना तो हात आपल्या डोक्यावर वेगळ्या तऱ्हेने जाणवला असता.

मुंबईच्या धर्मप्रांताला १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, नवे बिशप मिळाले. तेही इंग्रजच होते.